बोट ठेवायची की काढून टाकायची?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चार पानांचं, आणि त्यातली साडेतीन पानं इंजिनाच्या तक्रारींची. सुरू व्हायला वेळ घेतं, धूर ओकतं, म्हणून बोट विकू का, असं विचारतोस. मी म्हणतो, आधी इंजिनाकडे बघूच नकोस. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन, चार बोल्टांवर टांगलेलं असतं, ते उतरवून दुसरं लावता येतं. पण ज्या मागच्या भिंतीवर ते टांगलंय तो ट्रान्समच कुजला असेल, तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही.

जुन्या फायबर बोटींचा ट्रान्सम वरून फायबर, पण पोटात बहुतेक वेळा प्लायवूड. बोल्टांच्या भोकांतून, नंतर कुणीतरी मारलेल्या स्क्रूंतून पाणी आत झिरपतं आणि लाकूड कुजत जातं. वरचा थर मात्र चकचकीत! म्हणून डोळ्यांवर विसंबू नकोस. स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि मुठीने दोन-दोन इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजक्या जागी भद्द. मग इंजिन थोडं वर उचलून त्याचा खालचा भाग धर आणि वर-खाली हलव, दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समवर नजर ठेवायला सांग. भिंत लवली, कोपऱ्यात भेग उघडली किंवा बोल्टाचा वॉशर आत रुतलेला दिसला, तर समजून जा.

तरीही शंका राहिली तर आतल्या बाजूने, तळाच्या जवळ ५ मिमीचं भोक पाड. बाहेरचा थर भेदला जाऊ नये म्हणून ड्रिलच्या बिटवर, जेवढं खोल जायचंय तेवढं टोकापासून अंतर सोडून, खुणेची टेप गुंडाळ. भुसा तळहातावर घे. फिकट, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओला, बोटांत चिखलासारखा लागला आणि आंबूस वास आला, तर नाही. दोन-तीन ठिकाणी बघून भोकं लगेच इपॉक्सीने बुजव, नाहीतर तपासणीच रोगाचं कारण व्हायची. फळीखालच्या, बोटीच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, याच रीतीने तपास. चालताना फळी पायाखाली दबत असेल तर तिथूनच सुरुवात कर.

आता इंजिन. सुरू व्हायला वेळ लागणं हे म्हातारपणाचं लक्षण असेलच असं नाही, पुष्कळदा ते शिळं पेट्रोल असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, आणि फार झालं की पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. टाकी रिकामी कर, फिल्टर, नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा नवा घाल, मगच इंजिनाला दोष दे.

खरा निकाल कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते त्याचा. इंजिन गरम कर, सगळे प्लग काढ, ठिणगी बंद कर, थ्रॉटल पूर्ण उघड. गेज एकेका सिलिंडरला लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरव. आकडा किती यापेक्षा आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोज. वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तुझं फोर-स्ट्रोक आहे, म्हणून नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय घे.

गिअरचं तेल खालचा स्क्रू उघडून काढ. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय. सील बदलणं जमण्यासारखं आहे, पण तसंच चालवलंस तर गिअर जातील. नवं तेल खालूनच भर, वरच्या भोकातून बाहेर आलं की वरचा स्क्रू आधी आवळ. थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली असेल तर आधी ती जिथून येते त्या भोकात तार घाल, नंतर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक, बघ. त्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधून काढ, ते पुढच्या वाटेत अडकून इंजिन तापवतात.

ट्रान्सम आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक असतील तर बोट ठेव. वायरिंग, पंप, गाद्या यांची यादी कितीही लांब असो, ती सुट्टीच्या दिवसांत निपटते. इंजिन उत्तम पण ट्रान्सम गेला असेल तर इंजिन आणि ट्रेलर वेगळे विक. आतला थर कापून, कुजकं लाकूड खरवडून नवं मरीन प्लायवूड इपॉक्सीने बसवणं अशक्य नाही, पण खाज, धूळ आणि कित्येक रविवार त्यात जातात. तुझी चिकाटी मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: नको करूस.

अजून एक. तासांचं मीटर बघ, गेल्या दोन हंगामांत किती पुढे सरकलंय? विमा, जागा, बॅटरी, वर्षाचं तेल, हा खर्च बोट पाण्यात उतरो न उतरो, होतोच. आणि उभं राहून इंजिन जास्त बिघडतं. वर्षात पाच-सहा फेऱ्याच होत असतील तर सगळं शाबूत असूनही विकावी, असं माझं मत.

विकायचीच ठरली तर हंगामाच्या तोंडावर काढ. ट्रान्समला ताजा रंग मात्र देऊ नकोस, जाणकार गिऱ्हाईक तिथेच आधी ठोकून बघेल. कॉम्प्रेशनचे आकडे तारखेसह कागदावर ठेव. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवू नकोस, थंड असतानाच त्याच्यासमोर सुरू कर. जी जागा मऊ आहे ती स्वतःच दाखव.

भुशाचे फोटो आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे पाठव. तोवर कुणाकडून विसार घेऊ नकोस.

तुझाच,
मित्र