ती 31 अक्षरं

प्रिय नित्या,

दीड वर्ष होत आलं, तुझ्या दोन मेसेजना मी उत्तर दिलेलं नाही. कारण सांगत नाही, कारण नव्हतंच. उशीर झाला म्हणून लाज वाटायची आणि लाज वाटायची म्हणून अजून उशीर व्हायचा. तब्येत ठीक आहे. चष्म्याचा नंबर वाढला, पाठ अधूनमधून बोलते, बाकी काही नाही.

आज लिहितोय ते काकांमुळे. आपले रोग काका. वॉरक्राफ्ट या आपल्या ऑनलाइन गेममध्ये 'रोग', म्हणजे लपून वार करणारा गडी, खेळायचे ते.

परवा रात्री बंटीनं नव्या एक्सपान्शनचं, गेमला जोडलेल्या नव्या भागाचं, काहीतरी पाठवलं आणि मी इतक्या वर्षांनी वॉरक्राफ्ट उघडलं. पासवर्ड मिळवण्यात तास गेला. माझा वॉरियर 80 लेव्हलवर सोडला होता. 2020 मध्ये कंपनीनं सगळ्यांच्याच लेव्हल दाबल्या, 120 ची 50 केली, त्यात तो निम्म्याच्याही खाली आलाय. ते ठीक. मी सवयीनं गिल्डची, आपल्या खेळाडूंच्या मंडळाची, यादी उघडली, आणि नित्या, गिल्ड आहे! सगळी नावं जागच्या जागी, फक्त करडी. प्रत्येकासमोर तो शेवटचा कधी आला होता ते लिहिलेलं: 14 वर्षं, 15 वर्षं, 16 वर्षं. अंजूताईसमोर 17. मी एकेक ओळ वाचत खाली गेलो, मग परत वर आलो आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की मास्टरच्या, म्हणजे गिल्डप्रमुखाच्या, जागी तुझं नाव नाही.

काकांचं आहे. शेवटचे आले: 3 दिवसांपूर्वी.

तू तर फिरकलाच नाहीस, आणि मास्टर फार काळ आला नाही की खालच्या माणसाला गेममधूनच मास्टरपद मागता येतं, ही सोय तू सोडून गेल्यावर आली. काका कधीतरी आत आले असतील, गिल्डला कुणी वाली नाही हे पाहिलं असेल आणि खुर्ची घेतली असेल. यात मला वाईट काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं. पण दोनच मिनिटं. कारण मास्टर म्हटलं की त्याला सगळं दिसतं. आपण अधिकारी एकेका नावासमोर लिहायचो त्या खासगी नोट्सही.

मी घाबरत काकांच्या नावावर क्लिक केलं. आहे. जशीच्या तशी. 'हात संथ. 25 मध्ये नको.' रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं, माझी टाइप करायची पद्धत. तेव्हा एका नोटेत 31 अक्षरंच बसायची. तेवढ्यात एक माणूस बसवून आपण पुढच्या नावाकडे गेलो होतो.

आता तू म्हणशील, शब्द माझे नव्हते. तुझे नव्हतेच, मान्य. तू नुसतं 'राखीव' लिही म्हणाला होतास आणि मी म्हटलं होतं की राखीव तर बाराजण आहेत, प्रत्येकाचं कारण लिहिलं नाही तर पुढच्या आठवड्यात आपणच विसरू. त्यावरून आपण रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो होतो. पण राखीवांच्या यादीसाठी काकांचं नाव आधी कुणी घेतलं, यावर माझं मत अजून तेच आहे. तू घेतलंस. मी फक्त 'हो' म्हटलं. ते 'हो'च आता टोचतंय.

तो जानेवारी आठवून बघ. 16 जानेवारी 2007, 'बर्निंग क्रुसेड' हे पहिलं एक्सपान्शन आलं. पहिल्या चोवीस तासांत जवळपास 24 लाख प्रती खपल्या, आणि मला वाटतं त्यातले निम्मे त्या रात्री आपल्या पुढे डार्क पोर्टलसमोर, नव्या जगाच्या दारासमोर, उभे होते. स्क्रीन अडखळत होता, कुणाला काही दिसत नव्हतं, आणि व्हेन्ट्रिलोवर, आपल्या बोलायच्या अ‍ॅपवर, काका म्हणत होते, 'माझा हात धरा रे, मी हरवीन.' आपण किती हसलो होतो. दोन दिवसांत त्यांनी हेलफायर या नव्या प्रदेशातल्या कुठल्याशा फुटकळ कामगिरीचं साधं हिरवं खांद्याचं कवच घातलं. नाइटस्लेअर या संचाचं दुर्मीळ जांभळं उतरवलं. आठही तुकडे जमवायला त्यांना किती महिने लागले होते, तुला माहीत आहे. शेवटच्या तुकड्याला आपण सगळे टाळ्या वाजवत बसलो होतो. मी विचारलं, काका, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, कपडे आहेत ते, माणसं तीच आहेत ना.

माणसं तीच राहिली नाहीत. 40 ची रेड, सगळ्यांनी मिळून करायची ती मोठी चढाई, 25 ची झाली.

यावर मी परवापासून सारखा विचार करतोय, म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळू नकोस. आपण तेव्हा म्हणायचो की 40 माणसं गोळा करणं म्हणजे शिक्षा आहे. होतीच. कुणाचं नेट गेलं, कुणाचं मूल रडतंय, कुणी जेवायला उठलंय. पण 40 मध्ये एक संथ हात झाकला जायचा. मोल्टन कोरमध्ये पाचसात जण नुसते सोबतीला यायचे आणि तरी तिथला शेवटचा राक्षस रॅग्नारोस पडायचा. नवखा शिकायचा, थकलेला टेकायचा. काकांचं कनेक्शन वाईट होतं, बटण दाबलं की कृती मागाहून व्हायची. हे आपल्याला पक्कं माहीत होतं. तरी मी 'हात संथ' लिहिलं, 'नेट संथ' नाही. 25 मध्ये प्रत्येक जागा मोजून आली आणि काकांचा तो अर्धा सेकंद एकदम उघड्यावर आला.

त्यात काराझान, ती नवी रेड. दहाजणांची. प्रत्येक दहांत मार झेलणारे दोन टँक हवेत, औषध, म्हणजे बरं करणारा, तर हवंच, मग रोगाला जागा किती उरते? आणि आपल्याकडे रोग सात, औषध एक! (हा विनोद अंजूताईचाच होता आणि तिला एकटीला सगळ्यांना बरं करावं लागायचं तेव्हा ती तो चिडून करायची, हे तू नेहमी विसरतोस.) पहिल्या दहांत कोण, दुसऱ्या दहांत कोण, यावर तीन आठवडे गेले. दुसरी टोळी मागे पडली, तिथल्या चांगल्या दोघांना आपण पहिल्यात ओढलं, म्हणून ती अजून मागे पडली, मग मोडली. तिन्ही दहा एकत्र करून 25 ची रेड करायची ठरवली तेव्हा तरी पाच उरणारच होते. गणितच तसं होतं. पण गणितानं नुसता आकडा दिला, नावं आपण घातली.

काकांनी एका शब्दानं विचारलं नाही. ब्लॅकविंग लेअर या जुन्या 40 च्या रेडमधली ती खोली आठव, सप्रेशनची यंत्रं होती ती. पिल्लं अंगावर येतायत, सगळ्यांचे पाय जड झालेत आणि काका एकेक यंत्र बंद करत पुढे चाललेत, मोठ्यानं मोजत, 'एक गेलं... दोन गेलं...' तो आवाज थांबला नाही तोवर आपल्याला भीती नसायची. मार्चमध्ये तो आवाज व्हेन्ट्रिलोवरून गेला आणि कुणाच्या लक्षात यायला दहा दिवस लागले. माझ्याही.

बंटीशी काल बोललो तर तो म्हणाला, अरे सगळीकडे हेच. त्यांच्या क्लासिकच्या, म्हणजे जुन्या रूपात परत आणलेल्या गेमच्या, गिल्डात 2021 मध्ये पुन्हा घडलं. बघ ना कसं आहे. 2013 मध्ये लोकांनी जुना गेम परत मागितला तर कंपनीचा माणूस भर मंचावरून म्हणाला की तुम्हाला तो हवाय असं तुम्हाला वाटतं, पण तुम्हाला तो नकोय. लोकांनी स्वतःच जुने सर्व्हर उभे केले. त्यातला नोस्टॅलरियस 2016 च्या एप्रिलमध्ये बंद पाडला गेला तेव्हा इतका गदारोळ झाला की शेवटी 2019 च्या ऑगस्टमध्ये क्लासिक आलंच. 'व्हॅनिला' हा शब्द मुळात एक्सपान्शन आल्यावर मागे राहिलेल्या जगाचा. ते संपल्यावरच आपण त्याला नाव दिलं. आणि त्या क्लासिकलाही दोन वर्षांत तेच एक्सपान्शन लागलं, 1 जून 2021. यावेळी तर आधी विचारलं, मागे राहायचं की पुढे जायचं? दोन्हीकडे राहायचं तर कॅरेक्टरच्या दुसऱ्या प्रतीचे वेगळे पैसे. बंटीचे निम्मे लोक पुढे गेले, काही मागे राहिले आणि काहींनी त्या प्रश्नावरच गेम बंद केला. पुन्हा 40, पुन्हा 25. चौदा वर्षांपूर्वीची चूक सगळ्यांना पाठ होती, तरी तीच केली.

प्रत्येक एक्सपान्शनला लोक 'गेम मेला' म्हणून ओरडतात, त्याची तू टर उडवायचास. आठवतं, 2009 च्या डिसेंबरात डंजन फाइंडर आला तेव्हा तू म्हणालास, आता कुणाच्या पाया पडायला नको, बटण दाबलं की चार माणसं हजर? मी म्हटलं, ती चार माणसं परत कधी दिसणार नाहीत, त्यांना नावानं हाक मारायचीही गरज उरणार नाही. त्यावर आपण आठवडाभर बोललो नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण गेम मेला नव्हता, 2010 मध्ये तर 1 कोटी 20 लाख लोक खेळत होते, हे तुझं बरोबर. मला लोकांच्या ओरडण्यामागचं आता जरा कळतं. त्यांचं कुणीतरी हरवलेलं असतं, आणि ते सांगायला दुसरे शब्द नसतात.

तुमच्या फायनल फॅन्टसी 14 मध्ये बरं आहे. 2012 च्या नोव्हेंबरात आकाशातून चंद्र पाडला, सर्व्हर बंद केले, पुढच्या वर्षी नवं जग. सगळे एकदमच बुडाले, कुणाला बसून यादी करावी लागली नाही.

आता मुद्दा. काकांनी ती नोट वाचली असणार. पुरावा म्हणून नाही, पण सांगतो. आपण 'राखीव' नावाचं एक पद केलं होतं ना, सगळ्यांत खालचं? ते पद यादीत नाही. त्या बाराही जणांना त्यांनी साधं 'सभासद' केलंय. अंजूताईलाही त्याच ओळीत आणलंय. आपल्या दोघांचं अधिकारीपद तसंच ठेवलंय. नोट्स एकही पुसलेली नाही. रोजच्या संदेशाच्या जागी तुझं ते 'रेड 9 ला, उशीर चालणार नाही' होतं, तिथे आता लिहिलंय, 'कुणी आलात तर हाक मारा.'

मी नोटेवर कर्सर ठेवून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. पुसू शकतो. पण पुसली तर त्यांना कळेल की मी आलो, वाचलं, आणि पुसून गेलो. ठेवली तर ती आहेच. मी काही केलं नाही. मग गेममधल्या ऑबरडीन गावाला गेलो, तुझा एल्फ कायम तिथे धक्क्यावर उभा असायचा म्हणून. 2010 च्या कॅटॅक्लिझम एक्सपान्शननं ते गाव उद्ध्वस्त केलंय हे मला ऐकून माहीत होतं, तरी गेलो. तुटलेल्या फळ्या आहेत. तिथेच लॉगआउट केलं.

तुझं कसं आहे? नवीन कामाचं बंटीकडून कळलं, मनापासून आनंद झाला. आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? मी फोन करायला हवा होता, रागावल्या असतील तर त्यांचा राग माझ्याकडे पाठव. रेवा आता कितवीत? तिला स्वतःचा कॉम्प्युटर दिलास म्हणे. फायनल फॅन्टसीच्या एंडवॉकर एक्सपान्शनच्या वेळी तू चार तास लॉगिनच्या रांगेत उभा होतास आणि त्यांच्या कंपनीनं शेवटी विक्रीच थांबवली होती, तो काळ तिनं पाहिलाय, त्यामुळे तिला संयम असणार.

काका बहुतेक रविवारी रात्री येतात. तारखांवरून तसं दिसतंय. येत्या रविवारी मी जाणार आहे. हाक मारणार आहे. 'हात संथ' मी लिहिलं होतं हे त्यांना सांगणार आहे, आणि नेटचं माहीत असून लिहिलं होतं हेही. तुझं नाव घेणार नाही. पण तू आलास तर मला पहिलं वाक्य बोलणं सोपं जाईल. आणि खरं सांगू, ते तुलाच जास्त विचारतील, त्यांचा जीव तुझ्यावर होता.

पासवर्ड आजच शोधायला घे, वेळ लागतो. साडेनऊला ये. उशीर चालेल.

तुझा,
मिल्या

ता. क. यादीत तुझ्या नावासमोरचीही नोट वाचली. 'लवकर चिडतो, पण येतो.' ती अंजूताईनं लिहिली असणार.