साथ आली तरी मतदानाची तारीख हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या नावावर आपल्या सीमाभागात स्थानिक निवडणुका किती लांबल्या आणि त्यातल्या किती खरोखर कोरोनामुळे लांबल्या, हा हिशेब एकदा जाहीरपणे मांडायला हवा. बेळगाव महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो जानेवारी २०२० च्या अखेरीस. म्हणजे साथीच्या दहा महिने आधीच इथे प्रशासकीय कारभार सुरू झाला होता, तोही वॉर्डरचना आणि आरक्षणाच्या वादामुळे. शेवटी मतदान झाले ३ सप्टेंबर २०२१ रोजी आणि ६ सप्टेंबरला ५८ वॉर्डांचे निकाल लागले. महापौर मात्र निवडला गेला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी. लोकांनी तोंडाला मास्क बांधून मत दिले आणि महापौरासाठी पुढे सतरा महिने वाट पाहिली. या सतरा महिन्यांचा रोगाशी काय संबंध होता?

निपाणीपलीकडे कोल्हापुरातही तेच झाले. तिथल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, साथीमुळे प्रशासक आला आणि साथ ओसरली तरी तो वर्षानुवर्षे राहिला. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींचे मतदान फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात मुदत संपली. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून मतदारसंघ आखण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिले. त्यानंतर चार पावसाळे उलटले, तरी मतदान झाले नव्हते. राज्यघटनेचे २४३ ई आणि २४३ यू हे अनुच्छेद सांगतात की या संस्थांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक आपत्तीसारख्या अपवादाला जागा ठेवली, पण अडथळा दूर होताच लवकरात लवकर मतदान घ्यावे, हेही बजावले.

याच काळात ब्राझीलने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्या देशात सगळ्या नगरपालिकांची निवडणूक एकाच दिवशी होते, साडेपाच हजारांहून अधिक शहरांत आणि गावांत. मतदार सुमारे १४ कोटी ८० लाख. महापौर थेट लोकांतून निवडला जातो. २०२० मध्ये मतदान ४ ऑक्टोबरला होते. जुलैच्या सुरुवातीलाच तिथल्या संसदेने घटनादुरुस्ती करून ते १५ नोव्हेंबरवर नेले आणि दुसरी फेरी २९ नोव्हेंबरला ठेवली. निवडून आलेल्यांनी पदभार घेण्याची तारीख, १ जानेवारी २०२१, तशीच ठेवली. सहा आठवडे पुढे, पण नवी तारीख त्याच दस्तऐवजात. ब्राझीलने साथ फार चांगली हाताळली, असे कोणी म्हणणार नाही. तिथे माणसे लाखांनी गेली. तरीही नगरपालिका बेवारस राहिल्या नाहीत. एका राज्यात वीजपुरवठा कोलमडला म्हणून माकापा या राजधानीच्या शहरातले मतदान पुढे ढकलावे लागले, तेही डिसेंबरमध्येच उरकले.

मतदान केंद्रातले बदलही मोजके होते. वेळ सकाळी ७ ते ५ अशी वाढवली आणि पहिले तीन तास साठीपुढच्यांना प्राधान्य दिले. बोटाच्या ठशाने ओळख पटवणे बंद केले, कारण प्रत्येकाने एकाच काचेवर बोट टेकवायचे आणि त्यात वेळही जायचा. सहीसाठी पेन घरून आणायला सांगितले. हाताला सॅनिटायझर मत देण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. तरी पहिल्या फेरीत २३ टक्क्यांहून अधिक मतदार आले नाहीत. आधीच्या, २०१६ च्या निवडणुकीत हे प्रमाण साडेसतरा टक्क्यांच्या आसपास होते. मतदान सक्तीचे असलेल्या देशात ही घट मोठीच. निकालाची बेरीज राजधानीत एका ठिकाणी करायची ठरली, यंत्रणा अडकली, निकाल काही तास रखडला आणि अफवा उठल्या. पण मतदान संपताच यंत्रातून निघालेली आकड्यांची पट्टी केंद्राच्या दारावर चिकटवण्याची तिथे पद्धत आहे. त्यामुळे ज्याला पडताळायचे त्याला दारावरच्या आकड्यांवरून पडताळता येत होते. ही पद्धत आपल्याकडेही विनाखर्च आणता येईल.

आता आपल्या केंद्रांकडे येऊ. भारताच्या निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनाकाळातले नियम काढले. एका केंद्रावर दीड हजारांऐवजी जास्तीत जास्त एक हजार मतदार, दारात तापमान तपासणी, सही करायला आणि यंत्राचे बटण दाबायला हातमोजा, मतमोजणीच्या एका दालनात सातपेक्षा जास्त टेबले नाहीत. यातला मतदारसंख्येचा नियम सगळ्यांत उपयोगी आणि हातमोजाचा सगळ्यांत निरुपयोगी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रांगेचे गणित मांडून पाहा. हजार मतदारांपैकी सातशे आले आणि अकरा तास मिळाले, तर माणशी साधारण ५७ सेकंद येतात. कागदावर हे सोपे वाटते. पण लोक अकरा तासांत सारखे वाटून येत नाहीत. सकाळी ९ ते ११ मध्ये अडीचशे आले आणि एकाला ४५ सेकंद लागले, तर दोन तासांत १६० जणांचे मतदान होते, ९० रांगेत उरतात. सहा फुटांच्या अंतराने ही रांग ५४० फुटांची. त्यात तापमान बघणे, हातमोजा देणे आणि तो चढवणे यांचे १५ सेकंद वाढवा. मग १२० जणांचेच होते, १३० उरतात आणि रांग ७८० फुटांवर जाते. शहापूर किंवा वडगावच्या गल्लीतल्या शाळेसमोर इतकी जागा कुठे आहे? रांग वळते, दुमडते आणि माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. संसर्ग टाळण्यासाठी वाढवलेली पायरीच गर्दी करते.

हातमोजाचे आणखी त्रास आहेत. पातळ प्लॅस्टिकच्या मोजात पेन घसरते. अंगठा उठवणाऱ्याला मोजा काढावाच लागतो. आणि दिवसअखेर सातशे वापरलेले मोजे शाळेच्या व्हरांड्यात पडतात, जे सोमवारी मुलांच्या पायाखाली येतात. हात धुवायला साबण-पाणी किंवा सॅनिटायझर पुरेसे आहे.

सॅनिटायझरची जागा मात्र नीट ठरवावी लागते. बोटाची शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. ती कोरड्या बोटावर लावायची आणि सुकू द्यायची, त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागते. शाईच्या टेबलाशेजारीच बाटली ठेवली, तर ओल्या बोटावर शाई पसरते किंवा ओली असतानाच पुसली जाते. म्हणून पहिली बाटली फाटकाशी ठेवावी, म्हणजे रांगेत हात वाळतो. दुसरी बाहेर पडण्याच्या दारापलीकडे. बॅलट युनिटवर, म्हणजे मतदानयंत्राच्या बटणांच्या भागावर, फवारा तर कधीच मारू नये. बटणाच्या फटीतून द्रव आत गेला की यंत्र बदलण्याची वेळ येते आणि त्यात अर्धा तास सहज जातो.

सगळ्यांत मोठी चूक हवेची. हा रोग मुख्यत्वे श्वासाच्या हवेतून पसरतो हे स्पष्ट झाले, तरी आपली सगळी धडपड पुसण्या-फवारण्यातच राहिली. वीस बाय वीसची वर्गखोली घ्या. केंद्राध्यक्ष आणि मतदान कर्मचारी मिळून चार-पाच, उमेदवारांचे सहा-सात एजंट, एक पोलिस, दोन-तीन मतदार. पंधरा माणसे, अकरा तास. आणि खिडक्या बंद! बंद का, तर मतदान कक्ष, म्हणजे यंत्राभोवतीचा आडोसा, खिडकीला लागून मांडलेला असतो आणि बाहेरून कोणी डोकावू नये म्हणून झडप लावून घेतात. उपाय फुकटचा आहे. आदल्या संध्याकाळी टेबले लावताना कक्ष बिनखिडकीच्या भिंतीला लावायचा, मग उरलेल्या सगळ्या खिडक्या दिवसभर उघड्या राहतात. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो. त्याऐवजी एका खिडकीत पेडेस्टल पंखा बाहेर तोंड करून ठेवला की आतली हवा बाहेर जाते. आत यायचे आणि बाहेर जायचे दार वेगळे असावे. दोन दारांची खोली नसेल, तर शाळेचा हॉल किंवा जेवणाची शेड घ्यावी. एजंटांना व्हरांड्यात, दारातून दिसेल असे बसवले तर खोलीतली निम्मी गर्दी कमी होते आणि त्यांच्या हक्कालाही बाधा येत नाही.

ब्राझीलची प्रत्येक गोष्ट उचलावी असेही नाही. ज्येष्ठांसाठी सकाळचे तीन तास खानापूर तालुक्यात चालणार नाहीत. जांबोटी-कणकुंबीच्या वाड्यांवरून म्हातारी माणसे पहिल्या बसने किंवा घरच्यांच्या गाडीवरून येतात, ती दहाच्या आत पोचतीलच असे नाही. तिथे दिवसभर वेगळी रांग आणि बसायला बाक हवा. शिवाय पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पाऊस असा पडतो की मैदानात आखलेली वर्तुळे वाहून जातात आणि सगळी रांग व्हरांड्यात शिरते. साथ असो वा नसो, या केंद्रांवर पावसाळ्यात मतदान ठेवायचेच असेल, तर पत्र्याची शेड आधी उभी करावी.

रुग्णांनी शेवटच्या तासात मत द्यावे, ही तरतूद डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत होती. हेतू चांगला, पण अडचण अशी की वेळ संपताना रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू द्यावेच लागते. शेवटच्या तासात साधी रांग वाढली की रुग्ण आणि इतर एकत्र येतात. साध्या रांगेच्या चिठ्ठ्या तासभर आधी वाटाव्यात, ती रांग संपल्यावरच रुग्णांना बोलवावे आणि तोवर त्यांना त्यांच्या गाडीतच थांबू द्यावे. टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज सुरुवातीच्या दिवसांत करावा लागतो. त्यानंतर आजारी पडणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

कर्मचाऱ्यांचे काय? केंद्रातल्या गर्दीपेक्षा मोठी गर्दी आदल्या दिवशीच्या मस्टरिंगला, म्हणजे कर्मचाऱ्यांना साहित्य वाटून केंद्रांवर पाठवताना असते. एका कॉलेजच्या मैदानात शेकडो शिक्षक, तलाठी आणि पंचायत कर्मचारी सकाळपासून उभे, एखादा शिक्का किंवा नमुना कमी निघाला की पुन्हा काउंटरला, मग भरलेल्या बसमधून गावाकडे. रात्री साहित्य परत जमा करताना, म्हणजे डिमस्टरिंगला, तेच उलट्या क्रमाने. साहित्याच्या पिशव्या दोन दिवस आधी यादीप्रमाणे तपासून सील कराव्यात, सेक्टरनिहाय, म्हणजे केंद्रांच्या गटांप्रमाणे, वेळा द्याव्यात आणि सुटे साहित्य सेक्टर ऑफिसरच्या गाडीत ठेवावे. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ च्या पंचायत निवडणुकीनंतर शिक्षक संघटनेने मृत पावलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. सरकारने आधी मोजकेच मृत्यू मान्य केले, कारण नियमात फक्त कामावर असतानाचा मृत्यू धरला होता. कोरोनाने माणूस कामावर मरत नाही, दोन-तीन आठवड्यांनी मरतो. ओरड झाल्यावर ३० दिवसांची मुदत धरून ३० लाखांची मदत ठरली. हा नियम कर्नाटकात आधीच लिहून ठेवावा, विधवेला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावू नये.

आपल्याच लोकसभा मतदारसंघाचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेले. त्यांच्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ ला मतदान झाले, दुसरी लाट चढत असताना. केंद्रात सहा फुटांची वर्तुळे आणि प्रचारसभेत मांडीला मांडी, असे चित्र देशभर होते. विजयी मिरवणुकांवर बंदी आली ती २७ एप्रिलला. आपल्याकडे गुलाल उधळल्याशिवाय निकाल लागला असे कोणाला वाटत नाही, म्हणून ही बंदी निवडणूक जाहीर होतानाच असायला हवी. वॉर्डनिहाय मोजणीच्या वेळा आधी छापल्या, तर बाहेरचा जमावही वाटला जातो.

आणखी एक गोष्ट, जिला इथे राजकारण समजून बाजूला टाकले जाते. केंद्राबाहेरच्या आरोग्यसूचना मराठीतही लावल्या पाहिजेत. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे धोरण जुने आणि मान्य आहे. कन्नड न वाचता येणारी येळ्ळूरची किंवा उचगावची आजी दारात थांबून शिपायाला विचारते, मागची रांग खोळंबते आणि दोघेही मास्क खाली करून बोलतात. दोन भाषांतला एक फलक हे टाळतो.

राज्य निवडणूक आयोगाने साथीसाठीचा कायम आदेश आताच, रोगाची धामधूम नसताना, काढावा. मतदान पुढे ढकलायचे झाल्यास त्याच आदेशात नवी तारीख असावी आणि ती किती आठवड्यांपलीकडे जाणार नाही हे लिहिलेले असावे. वॉर्डांचे आरक्षण मुदत संपण्याच्या सहा महिने आधी अंतिम व्हावे आणि महापौर-उपमहापौरपदाचे आरक्षण त्याच अधिसूचनेत यावे, म्हणजे निकालानंतर ते न्यायालयात अडकणार नाही. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या बाबतीत याची सुरुवात मतदारसंघ आणि आरक्षणाच्या अंतिम यादीपासून होते. ती यादी कोणत्या तारखेला प्रसिद्ध होणार हे आपल्या जिल्ह्यातल्या सर्वपक्षीय आमदारांनी विधानसभेत विचारावे, बेळगावच्या हिवाळी अधिवेशनात तर नक्कीच.

आपला,
एक निवृत्त मतदान प्रशिक्षक, बेळगाव