ठाण्याच्या आयुक्तांना खुले पत्र: पिलर फोडणाऱ्याचा परवाना बघायचा कुठे?

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

आमची सोसायटी पाचपाखाडीतली, तिशी उलटलेली. महापालिका अधिनियमाच्या कलम 265अ ची, म्हणजे जुन्या इमारतीची मजबुती तपासून घ्या अशी, नोटीस आली, तशी आम्ही पालिकेच्या यादीवरच्या इंजिनिअरकडून ती तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेतलं. इथवर तक्रार नाही. ऑडिट करणाऱ्याचं शिक्षण, अनुभव, नोंदणी, सगळं पालिका तपासते. पण त्याच अहवालाप्रमाणे पिलर फोडून नवं लोखंड घालणारा ठेकेदार कोण, हे कुणीच तपासत नाही.

वायरिंगला परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. प्लंबरला परवाना तुम्हीच देता. नव्या इमारतीच्या बिल्डरवर महारेरा, म्हणजे घरविक्रीवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण, आहे. मात्र विक्रीचा संबंध नसलेली दुरुस्ती रेरा कायद्याच्या कलम 3 नेच वगळली आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो, तीही सरकारी कामांसाठी. सोसायटीच्या दारात कोटेशन घेऊन येणारे त्या वाटेला क्वचितच गेलेले असतात.

"लायसन्स दाखवा" म्हटलं की एक जण गुमास्ता, म्हणजे दुकान-ऑफिसच्या नोंदणीचा कागद, काढतो, दुसरा जीएसटीचा कागद. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. तिच्यावरून या माणसाचं ऑफिस आहे एवढं कळतं. जॅकेटिंग, म्हणजे पिलरभोवती नवं लोखंड आणि काँक्रीट चढवणं, येतं की नाही, हे त्यात कुठून कळणार?

विम्याचं त्याहून अवघड. आम्हाला एकाने डब्ल्यूसी पॉलिसीची, म्हणजे कामगारांच्या अपघात भरपाईच्या विम्याची, झेरॉक्स दिली. वाचली, तर कामाची जागा डोंबिवलीची, मुदत संपलेली आणि कामगार सहा. आमच्या चार बाजूंच्या परांचीवर सहा माणसं पुरतील, असं तो गंभीर चेहऱ्याने सांगत होता. मुळात डब्ल्यूसी कामगारांपुरती. खालून जाणाऱ्याच्या डोक्यात वीट पडली किंवा शेजारच्या गाडीवर गिलावा कोसळला, तर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क या बांधकामाच्या विम्यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे बाहेरच्यांच्या नुकसानीचा, भाग घेतलेला असावा लागतो. हे कमिटीतल्या निवृत्त बँकवाल्याला समजतं, सगळ्या सोसायट्यांत तसा माणूस असतोच असं नाही. मग सगळ्यांत स्वस्त कोटेशन पास होतं.

10 सप्टेंबर 2023 ला बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळली आणि सात कामगार गेले. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून ते खाली येत होते. ती नवी, मोठी साइट होती. आमच्यासारख्या जुन्या चार मजली इमारतीवर नाक्यावरून आणलेला मजूर बांबूवरून पडला, तर बातमीसुद्धा होत नाही. मुकादम फोन बंद करतो आणि त्या मजुराची बायको सोसायटीच्या ऑफिसात येऊन बसते.

ठेकेदारांना परवाना देण्याचा कायदा करायला विधिमंडळ लागेल, हे आम्हालाही कळतं. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. दुरुस्तीनंतर इमारत मजबूत असल्याचा इंजिनिअरचा दाखला आम्ही आपल्याकडेच भरतो. काम सुरू होण्याआधी त्याच फाइलला आणखी एक पान लागू द्या. ठेकेदाराचं नाव, जीएसटी क्रमांक, याआधी केलेल्या तीन इमारती, आणि आमच्याच पत्त्यावर काढलेल्या दोन्ही पॉलिसींचे क्रमांक, मुदत व कामगारसंख्या. हे पान वेबसाइटवर, ऑडिटर्सच्या यादीशेजारी टाका. उद्या वर्तकनगरच्या सोसायटीकडे तोच माणूस गेला, तर तिथल्या सेक्रेटरीला आम्हाला फोन करता येईल. आज तो फक्त ठेकेदाराने दिलेल्या नंबरांवर करता येतो, आणि ते नंबर बहुधा त्याच्या मेहुण्यांचे असतात.

हे इंजिनिअरच्या माथी मारू नका, अशीही विनंती. त्याची फी आम्ही देतो खरी, पण बऱ्याचदा ठेकेदाराचं नाव हा इंजिनिअरच सुचवतो.

आमच्यापुढे तीन कोटेशनं आहेत. पावसाळा संपला की परांची बांधायची आहे, त्याआधी जनरल बॉडीत एक नाव ठरवायचं आहे. तोवर आपल्या शहर विकास विभागाने या एका पानाचा नमुना जरी काढला, तरी तो भरून देणारे पहिले आम्ही असू.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)