सूझी केंटिकियानकडून काय घ्यायचं आणि काय नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेसेजात तीन गोष्टी होत्या. प्रशिक्षक तुला ५० किलोच्या गटात ठेवायचं म्हणताहेत, समोर येणाऱ्या सगळ्या मुली तुझ्याहून उंच असतात, आणि जर्मनीची माजी जगज्जेती बॉक्सर सूझी केंटिकियान सतराव्या वर्षी व्यावसायिक झाली तर मी का नाही. तिन्हींचं उत्तर तिच्याच कारकिर्दीत आहे, पण तू समजतेस तसं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

तिची कहाणी सांगताना लोक दुःखावर थांबतात: निर्वासित मुलगी, जहाजावरचं घर, रात्री आलेले पोलीस, आणि मग एकदम जगज्जेतेपद. मधली वर्षं गाळली जातात. तुझ्या कामाचं सगळं त्या मधल्या वर्षांत आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १९८७ साली येरेवानमध्ये, आर्मेनियात, तिचा जन्म झाला. नागोर्नो-काराबाखचं युद्ध पेटलं, वडिलांना लढायला बोलावतील अशी भीती होती, म्हणून १९९२ मध्ये कुटुंबानं देश सोडला. आधी बर्लिन, मग मोल्दोव्हा, रशिया, आणि १९९६ मध्ये हॅम्बुर्ग. तिथल्या बंदरात आश्रय मागणाऱ्यांसाठी ‘बिबी आल्टोना’ नावाचं जहाज नांगरून ठेवलेलं असायचं, त्यावर ते राहिले. बारा वर्षांची असताना ती मोठ्या भावामागून बॉक्सिंगच्या तालमीत गेली आणि तिथेच रमली. सोळाव्या वर्षी घरखर्चाला हातभार म्हणून ती एका फिटनेस स्टुडिओत साफसफाई करायची.

आता कागदपत्रांविषयी, कारण तिचा प्रत्येक निर्णय त्यांनी ठरवला. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला पण लगेच परत पाठवता येत नाही, अशा माणसाला जर्मनीत ‘दुल्डुंग’ नावाचा कागद मिळतो. तो राहण्याचा हक्क देत नाही, फक्त हद्दपारी तेवढ्या मुदतीपुरती थांबवतो. मुदत संपली की पुन्हा कचेरी, पुन्हा शिक्का. अशा लोकांच्या नोकरीवर आणि प्रवासावरही त्या काळात निर्बंध असत. २००१ मध्ये केंटिकियान कुटुंबाला रात्री उठवून विमानतळावर नेलंही होतं. तिचे हौशी काळातले प्रशिक्षक फ्रँक रीट यांनी वर्तमानपत्रं आणि स्थानिक राजकारणी गाठले, म्हणून ते थांबलं. प्रशिक्षक निवडताना लोक पॅड कसे धरतो तेवढं पाहतात. मी आधी हे पाहीन, की रिंगबाहेर हा माणूस आपल्यासाठी फोन फिरवेल का.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हौशी बॉक्सिंगमध्ये तिच्या नावावर २४ विजय आणि फक्त १ पराभव आहे. २००१ ते २००४ ती हॅम्बुर्गची विजेती होती आणि २००४ मध्ये कनिष्ठ गटात जर्मनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही तिनं जिंकली. पण देशाच्या संघातून लढायला त्या देशाचा पासपोर्ट लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता. जर्मन नागरिकत्व तिला २००८ मध्ये मिळालं. महिलांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते लंडनला, २०१२ मध्ये. म्हणजे २००५ च्या जानेवारीत, सतरा वर्षांची असताना ती पहिली व्यावसायिक लढत लढली तेव्हा हौशी वाट तिच्यासाठी संपलेली होती. शिवाय प्रमोटरच्या, म्हणजे लढती भरवणाऱ्या कंपनीच्या, करारामुळे नियमित उत्पन्न दाखवता आलं आणि त्याच वर्षी कुटुंबाला कायम राहण्याची परवानगी मिळाली. तिच्या कराराची खरी किंमत मानधनात नव्हती, त्या परवान्यात होती. तुझ्याकडे पासपोर्ट आहे, ऑलिंपिकचं दार उघडं आहे, आणि हौशी लढती अजून बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यामुळे सतराव्या वर्षी व्यावसायिक होणं ही तिची गोष्ट तू घ्यायची नाहीस.

घ्यायची ती तिची लढण्याची पद्धत. तिची उंची साधारण १.५५ मीटर, म्हणजे जवळपास तुझ्याएवढीच. फ्लायवेटची व्यावसायिक मर्यादा ११२ पौंड, ५०.८ किलो. या गटात तिच्या समोर बहुतेक वेळा उंच आणि लांब हाताच्या मुली असत. ती अंतर ठेवून जॅबची, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशांची, अदलाबदल करत बसली नाही. पहिल्या घंटेपासून पुढे सरकणं, एकेक ठोसा न मारता तीन-चार ठोशांची जोडणी, आणि वेग शेवटपर्यंत टिकवणं, हा तिचा खेळ.

हे ऐकायला सोपं आहे. चुका कुठे होतात ते सांगते.

उंच मुलीच्या जॅबच्या टोकावर उभं राहणं ही सगळ्यात वाईट जागा. तिथे तिचा हात पोचतो, तुझा पोचत नाही. एकतर पूर्ण बाहेर राहायचं, नाहीतर तिच्या कोपराच्या आत शिरायचं. शिरताना कमरेतून वाकू नकोस. कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते आणि समोरून अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, बसतो. खाली जायचं ते गुडघ्यांतून. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे, डोळे तिच्या छातीवर. तिचा जॅब सुटला की डोकं त्याच्या बाहेरच्या बाजूला न्यायचं, आणि त्याच क्षणी पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकायचा. डोकं हललं पण पाय मागेच राहिला, तर तू जॅब नुसता चुकवलास, आत गेली नाहीस. पहिला ठोसा डोक्यावर न मारता छातीवर किंवा पोटावर जॅब मार. उंच मुलीचं डोकं मागे जातं, धड जात नाही. मग बरगड्यांवर डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, त्याच हातानं वर दुसरा, आणि उजवा सरळ.

त्यानंतर बाहेर पडणं, आणि निम्म्या मुली इथेच मार खातात. जोडणी संपली की त्या दमून समोरच थांबतात किंवा सरळ मागे येतात. सरळ मागे आलीस की पुन्हा त्याच जॅबच्या टोकावर आलीस. शेवटच्या ठोशाबरोबर पाय बाजूला टाक, अर्धवळण घे, आणि तिला वळायला लाव. तिचे पाय जुळेपर्यंत पुन्हा आत. बॅगवर सराव करतानाही प्रत्येक जोडणीनंतर जागा बदल, कारण बॅग उलटा ठोसा मारत नाही आणि तिच्यासमोर थांबण्याची सवय फार लवकर लागते.

दुसरी चूक पाठलागाची. ती गोल फिरते आणि तू मागे मागे जातेस, मग रिंग कधीच लहान होत नाही. ती डावीकडे निघाली की तूही तिरकी पुढे त्याच बाजूला जा, तिची वाट अडव, आणि तिला दोरापर्यंत ने.

तिसरी चूक डोक्याची टक्कर. बुटकी बॉक्सर झपाट्यानं आत शिरते तेव्हा तिचं कपाळ समोरच्या मुलीच्या हनुवटीच्या किंवा भुवयीच्या उंचीवर येतं. डोकं पुढच्या पायाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हा एकच उपाय. व्यावसायिक लढतीत चार राऊंड पूर्ण होण्याआधी अनवधानानं डोकी आपटून लढत थांबली तर बहुतेक ठिकाणी ती अनिर्णित किंवा रद्द धरतात. मेक्सिकोच्या आरेली मुसिन्योबरोबरची केंटिकियानची २०१० मधली लढत अशीच रद्द झाली. मुद्दाम डोकं मारलंस असं रेफरीला वाटलं तर गुणही जातो.

हा खेळ एवढा वेग मागतो की सगळा भार दमावर येतो. महिलांच्या जागतिक पट्ट्याच्या, म्हणजे जगज्जेतेपदाच्या, लढती सहसा दहा राऊंडच्या, प्रत्येक राऊंड दोन मिनिटांचा. पुरुषांच्या बारा राऊंडना छत्तीस मिनिटं मिळतात, तुम्हाला वीस. दोन मिनिटांत ‘आधी पाहू, मग मारू’ असं म्हणत पहिली चाळीस सेकंद घालवलीस तर एक तृतीयांश राऊंड गेला. म्हणून सरावही तसाच हवा: दोन मिनिटं पूर्ण वेग, एक मिनिट विश्रांती. हळूहळू आठ-दहा फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीतले ठोसे पहिल्या फेरीइतकेच असले पाहिजेत. कुणाला तरी मोजायला बसव. आपल्याला आपला वेग कमी झालेला कळत नाही.

जजचं गणितही समजून घे. प्रत्येक राऊंड जिंकणारीला १०, हरणारीला सहसा ९. दहापैकी सहा राऊंड घेतलेस तर ९६-९४, म्हणजे एकच राऊंड इकडचा तिकडे झाला की बरोबरी. केंटिकियाननं १६ फेब्रुवारी २००७ ला कोलोनमध्ये व्हेनेझुएलाच्या कॅरोलिना अल्वारेझला नवव्या राऊंडमध्ये थांबवून डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा पट्टा घेतला. सगळे हीच लढत दाखवतात. तू त्यानंतर सहा आठवड्यांनी झालेली नादिया होक्मीबरोबरची लढत बघ. होक्मी फ्रान्सची, उंच, लांब हातांची. सुरुवातीला मागे पडली, पण अंतर सापडल्यावर दुसऱ्या अर्ध्यात तिनं जोर धरला. निकाल दोन जज इकडे, एक तिकडे असा लागला. सुरुवातीचे राऊंड खिशात होते म्हणून पट्टा राहिला. डिसेंबरमध्ये दोघी पुन्हा भिडल्या तेव्हा तिन्ही जजनी केंटिकियानच्या बाजूनं कौल दिला. दोन्ही लढती एकापाठोपाठ बघ, आवाज बंद करून, आणि फक्त पाय बघ.

वजनाबद्दल. प्रशिक्षक ५० म्हणताहेत आणि तू सकाळी उपाशीपोटी ५१ च्या आसपास भरतेस, तर हरकत नाही. ५३ भरत असशील तर माझा विरोध आहे. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं, पाणी भरून काढायला वेळ मिळतो. हौशी स्पर्धेत वजन त्याच दिवशी सकाळी होतं आणि स्पर्धा लांबली की पुन्हा पुन्हा होतं. पाणी काढून उतरवलेलं वजन तेवढ्या तासांत अंगात परत भरत नाही. पाय जड होतात, आणि शरीरात पाणी कमी असताना डोक्यावरचा मार जास्त धोक्याचा असतो. वेगावर जगणाऱ्या बॉक्सरनं तर हे करूच नये. उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो, जेवण हळूहळू कमी करत. घामाचे सूट आणि सौना नको. पाळी वेळेवर येत नसेल तर ते आधी मला कळव, प्रशिक्षकांना मग.

हात जप. सरावाला साडेचार मीटरची बँडेज घे, छोटी नको. मनगटाला तीन वेढे, बोटांमधून, मग पेरांवर. मूठ वळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटली म्हणजे बरोबर बांधली. स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, १४ औंसांचे ग्लोव्ह्ज घाल, हलके नकोत. व्यावसायिक फ्लायवेटमध्ये ८ औंस, म्हणजे जेमतेम २२७ ग्रॅम, आणि त्यात हाड वाचवायला फारसं काही नसतं.

शेवटी कराराचं, कारण कधीतरी तो तुझ्यापुढे येईलच. केंटिकियान हॅम्बुर्गच्याच ‘युनिव्हर्सुम’ या मोठ्या प्रमोटरकडे होती. तिथे प्रशिक्षक मागोमेद शाबुरोव, स्पारिंगला तयार मुली, आणि लढती दाखवणारी झेडडीएफ वाहिनी, सगळं एका छताखाली. २००७ च्या अखेरीस तोवरची जर्मनीची सर्वांत प्रसिद्ध महिला बॉक्सर रेगिना हाल्मिश निवृत्त झाली आणि जर्मनीत महिला बॉक्सिंगचा चेहरा हीच झाली. त्या काळात ती दर तीनेक महिन्यांनी रिंगमध्ये होती, आणि सतत लढणाऱ्या बॉक्सरचं अंतराचं भान तीक्ष्ण राहतं. २०१० मध्ये वाहिनीचा करार संपला, पैसा आटला आणि लढती विरळ झाल्या. २०१२ मध्ये ती दोनदा हरली, मे महिन्यात फ्रँकफर्टला मेलिसा मॅकमॉरोकडून आणि डिसेंबरमध्ये कॅरिना मोरेनोकडून. दोन्ही वेळा निकाल गुणांवर आणि काठावरचा. वय जेमतेम पंचवीस. ती संपली होती म्हणून हरली, असं मला वाटत नाही. लढतींमधल्या लांब खंडांचा त्यात मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. नंतर ती सावरली, पुन्हा पट्ट्यासाठी लढली, आणि ३६ विजय, २ पराभवांवर थांबली.

म्हणून करार आला की मानधनाच्या आधी हे शोध. वर्षाला किमान किती लढती देणार हे आकड्यात लिहिलंय का, आणि नाही दिल्या तर तुला मोकळं करणार का? प्रशिक्षक, डॉक्टर, स्पारिंगच्या मुली आणि प्रवास यांचा खर्च कुणाचा? पट्टा देणारी संघटना मानधनातून टक्केवारी कापते, ती कुणाच्या वाट्यातून? पट्टा जिंकलीस तर करार आपोआप वाढतो असं कलम आहे का, आणि किती वर्षांनी? मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस असेल तर तुझ्या बाजूनं घासाघीस करणारं कुणीच उरत नाही, हेही बघ. ज्या भाषेत करार आहे ती भाषा येणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

आत्तासाठी एवढं कर: पुढचे दोन आठवडे रोज सकाळचं वजन वहीत लिही, आणि शनिवारच्या स्पारिंगचं चित्रीकरण बाजूनं कर, समोरून नको, म्हणजे शिरताना तुझे गुडघे वाकतात की कंबर ते दिसेल. दोन्ही पाठव. ५० की ५२, ते बघून प्रशिक्षकांशी मी बोलते.

तुझी,
आई