बसलेल्याला दंड नको, त्याचे पाय ओलांडायला शिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्राझिलियन जिउजित्सू, म्हणजे जमिनीवर झुंजून सांधा मुरगाळून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणण्याचा खेळ. त्याच्या लढती पाहून कुस्तीप्रेमी हमखास एक तक्रार करतात : लढत सुरू होताच एक जण खाली बसतो, पाय पुढे करतो आणि दुसरा त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो, यात मर्दुमकी कसली? मग खाली बसणाऱ्याला सरसकट दंड करण्याची मागणीही होते. चितपट झाले की कुस्ती संपली, या शिस्तीत वाढलेल्या नजरेला हे खटकणारच. परंतु मागणी चुकीची आहे.

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (आयबीजेजेएफ) नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला खाली पाडल्यास २ गुण मिळतात, तर त्याचे पाय ओलांडून बाजूने तीन सेकंद ताबा राखल्यास ३. म्हणजे बसलेल्या माणसाचा गार्ड, म्हणजे पायांनी उभारलेला बचाव, भेदणे हे पाडण्यापेक्षा मोलाचे काम मानले गेले आहे. अबू धाबीत १९९८ साली सुरू झालेल्या एडीसीसी या निरनिराळ्या कुस्तीप्रकारांच्या मल्लांसाठीच्या स्पर्धेत गुणमोजणीच्या काळात स्वतःहून खाली बसणाऱ्याचा एक गुण वजाही होतो. तरीही ७७ किलो गटात २००३, २००५, २००७ आणि २०११ असे चार वेळा विजेतेपद मिळवणारा मार्सेलो गार्सिया बसूनच समोरच्याचा हात ओढून पाठीमागे जाई. याला पळपुटेपणा कोण म्हणेल?

खरी अडचण उभ्या असलेल्याची आहे. बसलेला माणूस एक हात मागे टेकवून ताठ असतो, दुसरा हात पुढे मोकळा ठेवतो. अशा वेळी कोणतीही पकड न घेता त्याच्या पायांमध्ये पाऊल टाकले, की तो कंबर पुढे सरकवतो, टाचेमागून हात घालतो आणि एकेरी पट (एकच पाय धरून पाडण्याचा डाव) काढतच उठतो. आपल्याकडचे तगडे मल्ल इथेच फसतात, कारण त्यांना जोराने आत शिरण्याची सवय असते. आधी त्याचा ताठपणा मोडला पाहिजे. टेकवलेला हात उजवा असेल, तर खांद्याला त्याच्या डाव्या बाजूस, मागच्या दिशेने रेटावे. तिकडे आधार नसल्याने तो पाठीवर जातो किंवा हात बदलतो. हात बदलण्याच्या त्या क्षणात त्याचे गुडघे एका बाजूला दाबून वळसा घालता येतो. कपड्याची पकड नसलेल्या प्रकारात कमरेला खालून मिठी मारून डोके छातीवर रोवणे अधिक भरवशाचे, कारण कंबर अडकली की पायांचे बळ निम्मे होते. मात्र आपल्या मांडीखाली रुतलेले त्याचे पाऊल आधी काढावे लागते आणि त्याला वेळ लागतो. प्रेक्षकांना रटाळ वाटणारी झटापट बहुधा हीच असते.

वेळकाढूपणाचा प्रश्न खरा आहे, पण त्यासाठी पंचांकडे ताकीद आणि दंडाची तरतूद आहेच आणि ती बसलेल्या व उभ्या अशा दोघांनाही लागू होते. तेव्हा आपल्याकडील प्रशिक्षकांनी नियम बदलण्याचा आग्रह धरण्याऐवजी सरावाच्या काही फेऱ्या एकाला बसवूनच सुरू कराव्यात आणि पाय ओलांडले किंवा उभा असलेला पडला, की ती फेरी तिथेच थांबवून पुन्हा सुरुवात करावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर