बाबा, किल्ली काढल्याशिवाय उठू नका

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखी मोबिलिटी स्कूटर, ती चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची गाडी, मीही मागवतोय. आयुष्यभर स्कूटर चालवली, त्यात शिकायचं काय?" तेव्हा मी गप्प बसले, कारण ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

गाडी जरूर घ्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे आई दर वेळी सांगते आणि मग मला इथे चैन पडत नाही. पण पन्नास वर्षांची तुमची सवय या गाडीवर कामाची नाही. उलट तीच घात करेल, याची मला भीती वाटते.

आपल्या स्कूटरचा ब्रेक आपण मूठ आवळून लावतो. हिला हँडलजवळ एक लिव्हर असते. ती दाबली की गाडी निघते आणि सोडली की आपोआप ब्रेक लागतो. ऐकायला सोपं आहे. पण समोर अचानक कोणी आडवं आलं की माणूस दचकतो आणि हातात असेल ते घट्ट धरतो. तुमची मूठ तर आवळणारच. आणि इथे मूठ आवळली की लिव्हर दाबली जाते, गाडी थांबायच्या ऐवजी समोरच्याच्या अंगावर जाते. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या जागेत एवढंच करा: आईने मागून "थांबा" म्हणायचं आणि तुम्ही बोटं उघडायची. हाताला ते आपसूक जमेपर्यंत रस्त्यावर जाऊ नका.

दुसरी सवय झुकण्याची. वळताना दुचाकी आपल्यासकट आत झुकते, ही झुकत नाही. वेगात वळवलीत तर बाहेरच्या अंगाला कलंडते, त्यात तीन चाकांची अधिक. तीनचाकी लहान जागेत छान वळते हे खरं, पण तुम्हाला बाहेर फिरायचंय, तेव्हा चार चाकांचीच घ्या असं माझं मत आहे. आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

आता एक गोष्ट कबूल करते. मागच्या थंडीत माझ्या मनगटाला प्लास्टर होतं, तेव्हा "बर्फावर घसरले" असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मी गाडीवरून उतरत होते. गाडी थांबली होती, पण किल्ली चालूच होती. उठताना आधाराला हँडल धरलं आणि कोटाची सैल बाही लिव्हरमध्ये अडकली. गाडी हातभरच पुढे गेली असेल, पण माझा एक पाय जमिनीवर आणि एक गाडीवर. तशीच आडवी पडले. ताशी किती वेग होता म्हणाल, तर चालणाऱ्या माणसाइतकाही नव्हता. म्हणून सांगते, गाडी चालू असताना तुम्ही सावध असालच, मला काळजी थांबल्यानंतरची आहे. आधी किल्ली बंद, मग क्षणभर थांबून बाही, शाल, पिशवीचा पट्टा कुठे अडकला नाही ना ते पाहणं, मग उठणं. चढतानाही हेच, बसून झाल्यावरच किल्ली चालू.

इथे ब्रिटनमध्ये या गाड्यांचे दोन वर्ग आहेत. एक फुटपाथवरची, ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. दुसरी रस्त्यावरही चालणारी, ताशी 8 मैलांपर्यंत, पण फुटपाथवर आली की तिलाही 4 मैलच. माझी दुसऱ्या वर्गातली आहे. तिची सरकारदरबारी नोंद करावी लागली, दिवे, हॉर्न, इंडिकेटर, आरसा हे सगळं सक्तीचं. लायसन्स मात्र लागत नाही, परीक्षाही नाही. चालायला त्रास असलेल्या, 14 वर्षं किंवा त्याहून मोठ्या कोणालाही ती चालवता येते, आणि मला हीच गोष्ट खटकते. आपली नजर किती आहे हे कोणी तपासत नाही. साधारण 12 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यावी, एवढा सल्ला देतात. बाबा, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय ना? ते आधी उरका.

फुटपाथची कड ही सगळ्यात फसवी जागा. तिरकं चढायला गेलं की एक चाक वर, एक खाली आणि गाडी आडवी. इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की लांबचा फेरा पडला तरी जिथे कड उतरती केली आहे तिथूनच जा, आणि चढावंच लागलं तर कडेला सरळ काटकोनात सामोरं जा. फेरा घ्यायला मला सुरुवातीला कंटाळा यायचा. आता कोणत्या कोपऱ्यावर उतार आहे ते मला पाठ आहे.

तुम्ही दिसणार नाही, हे तर तुम्हाला पटणारच नाही. बसल्यावर आपलं डोकं उभ्या गाडीच्या काचेइतकंच येतं. दोन उभ्या गाड्यांमधून बाहेर पडलो की ड्रायव्हरला आपण शेवटच्या क्षणी दिसतो. गेटातून मागे येणाऱ्या गाडीला तर दिसतच नाही. मी मागे उंच काठीला भगवं निशाण लावलंय आणि चमकणारं जॅकेट दिवसाही घालते. समोरच्याची नजर आपल्या नजरेला मिळाल्याशिवाय मी त्याच्या पुढून जात नाही.

अजून एक. मागे मोटरजवळ एक खटका असतो, गाडी बंद पडली तर ढकलून न्यायला. तो फिरवला की ब्रेकच सुटतो. उतारावर त्याला हात लावायचा नाही, आणि त्या स्थितीत गाडीवर बसायचं तर मुळीच नाही. मुलं बोट लावून बघतात, तेव्हा बसण्याआधी एकदा मागे वाकून बघा. वाकवत नसेल तर आईला बघायला सांगा.

गाडी आली की मला व्हिडिओ कॉल करा. चालवून दाखवायची घाई नाही. आधी बसून, किल्ली काढून, उठून दाखवा. मी बघते.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमी

ता. क. पिशवी हँडलला अडकवू नका. वळवताना हँडल ओढलं जातं. पुढच्या टोपलीत ठेवा.