स्वेलडेलचे दगडी गोठे

प्रिय निल्या,

फोनवर तू गोठ्याचं सांगत होतास ना, पत्रे टाकू की स्लॅब, तेव्हाच ठरवलं की तुला नीट लिहायचं, कारण मी इथे इंग्लंडमध्ये सुट्टी मिळाली की यॉर्कशर डेल्सच्या डोंगरखोऱ्यांत जाऊन गोठेच बघत फिरतो. बाकीचे डोंगर चढायला येतात, मी गोठ्यात डोकावतो, काय करणार!

त्यातल्याच स्वेलडेल खोऱ्यात मुकर आणि गनरसाइड या गावांच्या आसपास बघशील तर जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी घर. आधी वाटतं एवढी माणसं राहायची की काय इथे. माणसं कसली, गाई! बरेचसे 18व्या-19व्या शतकातले. डोकं बघ लोकांचं, ज्या कुरणात गवत कापलं तिथेच सुकवून आत भरायचं, थंडीत चार-पाच गाई तिथेच बांधायच्या, त्यांनी तेच खायचं आणि शेण परत त्याच कुरणात पसरायचं. गाडी-बैल, ओझी, कटकटच नाही. फक्त मालकाने बर्फातून गोठेगोठे फिरून धारा काढायच्या, ते आपल्याच्याने झालं नसतं.

आत अर्ध्यात गवत, अर्ध्यात गाई, मध्ये उभ्या फरशा. भिंतीत वर एक चौकोनी भोक असतं, गवत आत ढकलायला, आणि खाली छोटं, शेण बाहेर फेकायला. भिंत दोन पदरी, मधे बारीक दगडांची भर, आणि ठरावीक उंचीवर लांब दगड आडवे आरपार घातलेले, ते दोन्ही पदर धरून ठेवतात. त्यांची टोकं बाहेर ओळीने दिसतात, मला सगळ्यात आवडतं ते हेच. छपरालासुद्धा दगडाच्याच फरशा, वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान लहान. पण एक जरी निसटली की पाणी लाकडावर, लाकूड कुजलं की छप्पर खाली, मग भिंत फुगायला लागते.

आता गवताचे मोठे गठ्ठे त्या भोकातून जातच नाहीत, गाई मोठ्या शेडमध्ये, त्यामुळे बरेचसे रिकामेच. 1989मध्ये हा सगळा भाग गोठे आणि गडग्यांसकट संरक्षित केला, पण गवत-गाई नसताना गोठा सांभाळायला पैसे कोण घालणार? काही जण हॉलिडे होम करतात, मोठ्या काचा बसवतात, मला नाही पटत, पण पडून जाण्यापेक्षा बरं असंही वाटतं.

जूनमध्ये ये, जुलैत कापणी व्हायच्या आधी कुरणं फुलांनी भरलेली असतात. मुकरला त्यातून फरसबंद पायवाट आहे, एका रांगेत चाला अशा पाट्या आहेत, तेवढं मात्र तुला जमवावं लागेल.

तुझा,
संज्या